रेडिएशन अंगातून गेलं की पेशींचं काय होतं? सारखे विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सर हॉस्पिटलच्या रेडिएशन विभागात नोकरी असली की लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, गावच्या जत्रेत, कुठेही गेलं तरी लोक बाजूला घेऊन हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय. माझं म्हणणं एवढंच आहे की रेडिएशनने डीएनए तुटतो हे खरं, पण तुटल्यावर पेशी तो कसा जोडते, किती वेळात जोडते आणि मधल्या काळात तिला विभाजन करायचंय का, यावर पुढचं सगळं ठरतं.

मोबाईल, मायक्रोवेव्ह, एक्स-रे, सगळं रेडिएशनच ना मग?

नाव एक आहे पण काम वेगळं. अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचा तर साधारण दहाएक इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा एका फटक्यात लागते, आणि मोबाईलच्या लहरींच्या एका फोटॉनमध्ये त्याचा दहा लाखावा हिस्सा असतो. असे कितीही फोटॉन आले तरी प्रत्येक जण एकेकटाच धडकतो, त्यामुळे फार तर थोडं गरम होईल, बाकी डीएनएचं काही तुटत नाही. एक्स-रेच्या फोटॉनमध्ये हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात, कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांत तर ११.७ लाख आणि १३.३ लाख. इथे ज्याची चर्चा आहे ते हे, आयनायझिंग रेडिएशन. सोनोग्राफी आणि एमआरआय या यादीतच नाहीत, त्यामुळे "एमआरआयने रेडिएशन लागलं" असं कोणी म्हणालं तर शांतपणे नाही म्हणा.

ठीक आहे, पण पेशीच्या आत शिरल्यावर नेमकं होतं काय?

फोटॉन एखाद्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवतो, तो इलेक्ट्रॉन सुसाट सुटतो आणि वाटेत आणखी इलेक्ट्रॉन उडवत जातो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी संपलेलं असतं. वाटेत डीएनए आला तर थेट त्याचाच बंध तुटतो, पण डीएनए जेमतेम २ नॅनोमीटर जाड, पेशीत सत्तर टक्के पाणी, त्यामुळे बहुतेक वेळा फटका पाण्याला बसतो. पाण्याचा रेणू फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. हे भलतंच आक्रमक असतं, समोर येईल त्याच्याशी रिअॅक्ट होतं, आणि म्हणूनच फार लांब जात नाही, काही नॅनोमीटरमध्येच संपतं. म्हणजे डीएनएला अगदी चिकटून जे पाणी आहे तेवढंच धोक्याचं. एक्स-रे आणि गॅमा किरणांमुळे डीएनएचं जे नुकसान होतं त्यातलं साधारण दोन तृतीयांश असं पाण्यामार्गे होतं.

आकडे हवे असतील तर १ ग्रे डोस (ग्रे हे अंगात शिरलेल्या रेडिएशनचं माप), जो अख्ख्या शरीराला मिळाला तर भरपूरच आहे, तो एका पेशीला मिळाला की डीएनएची एक पट्टी सुमारे १००० ठिकाणी तुटते, आणि दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकाच जागी तुटल्यात अशा जागा साधारण ३५-४०. शिवाय बेसेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, खराब होतात त्या हजारोंनी.

हजार आणि चाळीस? मग हजाराची काळजी करायची की चाळीसची?

चाळीसची. एक पट्टी तुटली तर समोरची शाबूत असते, तिच्यावर बघून पेशी दुरुस्ती करते आणि तासाभरात काम उरकतं. असं नुकसान तर रेडिएशन नसतानाही रोज प्रत्येक पेशीत हजारोंनी होतं, आपण श्वास घेतो त्यातला ऑक्सिजन आणि शरीराची उष्णता त्याला पुरेशी आहे. या दुरुस्तीच्या यंत्रणा शोधल्याबद्दल २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिंडाल, मॉड्रिच आणि संजार या तिघांना मिळालं.

दोन्ही पट्ट्या तुटल्या की बघून लिहायला काही उरत नाही, टोकं सुटी होतात. तिथे पेशीकडे दोन पर्याय. पहिला, जी टोकं जवळ दिसतील ती सरळ एकमेकांना जोडून टाकायची. हे झटपट होतं, कधीही करता येतं, पण एखाद-दोन अक्षरं गळतात आणि कधीकधी भलतीच टोकं जोडली जातात. दुसरा, डीएनएची दुसरी प्रत तयार झालेली असेल तर तिच्यावरून अचूक दुरुस्ती करायची, पण ती प्रत विभाजनाच्या तयारीतल्या पेशीतच असते, एरवी नाही. ब्राका-१ आणि ब्राका-२ ही जीनची नावं ब्रेस्ट कॅन्सरच्या संदर्भात ऐकली असतील, ती याच दुसऱ्या टीममधली माणसं. ती जन्मतः बिघडलेली असली की पेशीला घाईच्या जोडकामावर जास्त अवलंबून राहावं लागतं, आणि अशा लोकांत कॅन्सरचा धोका का वाढतो त्याचं एक मोठं कारण हे आहे.

हे सगळं चालू असताना एटीएम नावाचं प्रोटीन (बँकेच्या एटीएमशी संबंध नाही, पेशंटचे नातेवाईक हसतात म्हणून सांगितलं) धोक्याची सूचना देतं, मग पी-५३ विभाजन थांबवतं. दुरुस्ती झाली तर गाडी पुढे, नाही झाली तर पेशीला स्वतःच मरायला लावतं. शरीराच्या दृष्टीने अशी पेशी मेलेलीच बरी.

४ ग्रेने माणूस मरतो म्हणतात, ते म्हणजे किती ऊर्जा?

हसू येईल एवढी कमी. १ ग्रे म्हणजे किलोला १ ज्यूल. ७० किलोच्या माणसाला अख्ख्या अंगावर ४ ग्रे म्हणजे २८० ज्यूल, त्याने शरीराचं तापमान एक अंशाच्या हजाराव्या भागाएवढं वाढतं, गरम चहाच्या एका छोट्या घोटात तेवढी उष्णता असते. आणि तरी उपचार नाही मिळाले तर एवढ्या डोसने साधारण निम्मी माणसं दोन महिन्यांत जातात. कारण चहाची उष्णता सगळ्या रेणूंत थोडी थोडी वाटली जाते, कुणाच्याच वाट्याला बंध तुटण्याइतकी येत नाही, आणि रेडिएशन तीच ऊर्जा नॅनोमीटरभर जागेत एकदम टाकतं. त्या जागी डीएनए असला की दोन-चार घाव शेजारी शेजारी पडतात, आणि असे दाटीवाटीचे घाव दुरुस्त करणं पेशीला सगळ्यात अवघड.

काही किरणोत्सारी अणूंतून सुटणारे जड अल्फा कण हे याचं टोक आहे. त्यांना कागद अडवतो, वरची मेलेली कातडी अडवते, पण श्वासातून रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू) किंवा सिगरेटच्या धुरातून पोलोनियम-२१० फुफ्फुसात गेलं की तेच कण पेशीला चिकटून सुटतात.

चुकीचं जोडलं गेलं म्हणजे काय दिसतं? मायक्रोस्कोपखाली दिसतं का?

दिसतं, आणि एकदा बघितलं की विसरत नाही. क्रोमोझोमला (गुणसूत्र, डीएनएची गुंडाळी) मधे एक चिमटा बसल्यासारखी जागा असते, सेंट्रोमिअर, विभाजनाच्या वेळी त्याला धरूनच तो ओढला जातो. दोन क्रोमोझोम तुटून त्यांची भलतीच टोकं जुळली की एकाच तुकड्यावर दोन सेंट्रोमिअर येतात, याला डायसेंट्रिक म्हणतात. विभाजनात त्याला दोन्हीकडून ओढलं जातं, मधे ताणलेला पूल तयार होतो आणि पेशी एक-दोन विभाजनांत मरते. बहुतेक पेशी रेडिएशनने अशाच मरतात, त्याच क्षणी जळून वगैरे नाही, तर काही तासांनी किंवा दिवसांनी विभाजनाची वेळ आली की.

याचा उपयोग करून माणसाला किती डोस लागला ते रक्तावरून काढतात. रक्तातल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) एरवी विभाजन करत नाहीत, त्यांना फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं, घेवड्यातून काढलेलं प्रोटीन घालून उठवायचं, ३७ अंशांवर ४८ तास ठेवायचं, शेवटी कोल्सेमिडने विभाजनाच्या मधेच अडवायचं, मग स्लाइडवर गिम्सा स्टेन करून बसायचं मोजत. एरवी हजार पेशींत एखादा डायसेंट्रिक सापडतो, १ ग्रे गॅमानंतर शंभर पेशींत आठ-दहा. मान अक्षरशः आखडते. पण २०१० मध्ये दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात विद्यापीठाच्या लिलावातून आलेला कोबाल्ट-६० चा सोर्स कामगारांनी फोडला, एक जण गेला, बाकीचे आजारी पडले, अशा वेळी कुणाच्या छातीवर डोस मोजायचा बॅज नसतो, मग रक्तच सांगतं.

आणि टोकं जुळली पण सेंट्रोमिअर एकेकच राहिलं तर? तर पेशी जगते, विभाजन करते, सगळं सुरळीत वाटतं, आणि मला विचाराल तर खरी काळजी या पेशीची. त्या अदलाबदलीत एखादा वाढ नियंत्रित करणारा जीन चुकीच्या जागी गेला तर पुढे कॅन्सरची पहिली पायरी तीच असू शकते.

फार मोठ्या डोसमध्ये काय होतं?

३० सप्टेंबर १९९९ ला जपानच्या तोकाईमुरात युरेनियमचं द्रावण कामगार स्टीलच्या बादलीने टाकीत ओतत होते, नियम बाजूला ठेवून, आणि टाकीत चेन रिअॅक्शन सुरू झाली. निळा प्रकाश चमकला. ज्याला सगळ्यात जास्त डोस लागला तो कामगार पहिले काही दिवस बोलत होता, चेहरा थोडा लाल, हाताला सूज, बघणाऱ्याला वाटावं बरा होईल. पण अस्थिमज्जेच्या पेशींचा फोटो काढला तर त्यात क्रोमोझोम ओळखूच येत नव्हते, तुकडे तुकडे, काही एकमेकांना चिकटलेले, नंबर लावणं अशक्य. म्हणजे शरीरात पेशी होत्या पण नवी पेशी बनवायचा आराखडाच राहिला नव्हता. रक्तातले लिम्फोसाइट आठवड्यात संपले. बहिणीच्या स्टेम सेल्स दिल्या, त्या रुजल्या सुद्धा, पण कातडीच्या खालच्या थरातून नवी कातडी येईना, चिकटपट्टी काढताना कातडी सोबत निघायला लागली, मग आतड्याचं अस्तर गेलं. ८३ दिवसांनी तो गेला, त्याच्या शेजारचा सहकारीही काही महिन्यांनी गेला.

चेर्नोबिलला १९८६ मध्ये १३४ जणांना तीव्र रेडिएशनचा आजार झाला, त्यातले २८ पहिल्या काही महिन्यांतच गेले, बहुतेक फायर ब्रिगेडवाले आणि प्लांटचे लोक.

कुठल्या पेशींना आधी फटका बसतो?

ज्या सारख्या विभाजन करतात त्यांना: अस्थिमज्जा, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, तोंडाची आतली त्वचा, शुक्रपेशी बनवणाऱ्या पेशी. १९०६ मध्ये बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या फ्रेंच जोडीने हा नियम मांडला आणि आजही तो ढोबळमानाने चालतो. मेंदूच्या आणि स्नायूंच्या पेशी चिवट. अपवाद लिम्फोसाइटचा, ते विभाजन न करताही पटकन मरतात, म्हणून अपघातानंतर पहिल्या दोन दिवसांत लिम्फोसाइट किती झपाट्याने पडतात हे डॉक्टर आधी बघतात.

काकांना २५ वेळा रेडिएशन सांगितलंय, एकदाच का देत नाहीत? आणि शनिवार-रविवार सुट्टी का?

हा प्रश्न रोजचा. एकदम ५० ग्रे दिले तर गाठ जाईल पण शेजारचे अवयवही जातील. रोज २ ग्रे दिले तर दोन डोसमध्ये चोवीस तास मिळतात, नॉर्मल पेशींची दुरुस्ती बहुतेक सहा-आठ तासांत आटोपते, कॅन्सरच्या पेशींची दुरुस्तीयंत्रणा बऱ्याचदा आधीच बिघडलेली असते त्यामुळे त्या मागे पडतात. हा फरक एका डोसला बारीक वाटतो पण पंचवीस वेळा साठला की मोठा होतो. दुसरं म्हणजे गाठीच्या मधल्या भागात ऑक्सिजन कमी पोचतो, आणि ऑक्सिजन नसेल तर तेवढंच नुकसान करायला अडीच-तीन पट डोस लागतो. बाहेरच्या पेशी मरत गेल्या की आतल्यांना ऑक्सिजन मिळायला लागतो आणि पुढच्या डोसला त्या सापडतात. तिसरं, पेशी विभाजनाच्या वेळी सगळ्यात नाजूक असते, आज निसटलेली उद्या-परवा त्या टप्प्यात येते.

शनिवार-रविवारचं खरं सांगू का, त्यात शास्त्र थोडं आणि स्टाफची सुट्टी, मशीनची देखभाल जास्त. पण तुम्ही मधेच आपल्या मनाने आठवडाभर गावाला जाऊ नका, त्या काळात गाठीच्या पेशीही वाढतात. आणि सगळ्यांना पंचवीसच असतात असं नाही, ब्रेस्टसाठी हल्ली बऱ्याच जणींना १५ डोसमध्ये ४० ग्रे देतात.

रेडिएशन घेऊन आलेल्या माणसाजवळ लहान मूल गेलं तर चालतं का?

बाहेरून मशीनने दिलं असेल तर बिनधास्त जाऊ द्या, मशीन बंद झालं की अंगात काहीच उरत नाही. आजीला ताट-वाटी वेगळी देणाऱ्या घरांना हे दहादा सांगावं लागतं आणि दर वेळी चीड येते. थायरॉइडसाठी रेडिओअॅक्टिव्ह आयोडीन प्यायला दिलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, ते अंगात असतं, आठ दिवसांत निम्मं होतं, लघवी-घामातून बाहेर पडतं, म्हणून मोठ्या डोससाठी पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवतात आणि घरी सोडताना काय पाळायचं ते लिहून देतात. ते पाळा.

सीटी स्कॅनने कॅन्सर होतो का?

आधी माप बघा. सिव्हर्ट हे शरीराला होणाऱ्या धोक्याच्या हिशोबाचं माप, एक्स-रेच्या बाबतीत अख्ख्या अंगाला १ ग्रे म्हणजे १००० मिलिसिव्हर्ट. छातीचा एक्स-रे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी. पोटाचा सीटी ८ ते १०. आणि काहीही न करता, जमिनीतून, हवेतल्या रेडॉनमधून, आकाशातून आणि स्वतःच्या अंगातल्या पोटॅशियममधून वर्षाला जगाची सरासरी २.४. म्हणजे पोटाचा एक सीटी म्हणजे तीन-चार वर्षांचं नैसर्गिक रेडिएशन एकदम. नेहमीच्या हिशोबाने १० मिलिसिव्हर्टला आयुष्यभरात सुमारे १००० माणसांत एक जादा कॅन्सर धरतात. भारतात तसाही नऊ जणांत एकाला आयुष्यात कधीतरी कॅन्सर होतो असा आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) अंदाज आहे, त्यात हा १००० तला एक शोधायचा. अपेंडिक्स फुटलंय का बघायला सीटी सांगितला तर मुकाट करा. पण "सगळं एकदा चेक करून घेऊ" म्हणून धडधाकट माणसाने पॅकेजमधला होल बॉडी सीटी करणं मला पटत नाही. मुलांच्या बाबतीत तर जास्तच, त्यांच्या पेशी जास्त विभाजन करतात आणि पुढे आयुष्यही मोठं असतं.

थोडं रेडिएशन उलट चांगलं असतं असं वाचलं, खरं का?

भांडण जुनं आहे. १०० मिलिसिव्हर्टच्या खाली कॅन्सरची वाढ इतकी बारीक असते की नैसर्गिक कॅन्सरच्या गर्दीत ती वेगळी काढता येत नाही. त्यामुळे कोणी म्हणतं जेवढा डोस तेवढा धोका अशी शून्यापर्यंत सरळ रेषा धरा, कोणी म्हणतं खाली काहीच होत नाही, कोणी म्हणतं दुरुस्तीयंत्रणा सरावते. नियम करणारे सरळ रेषा धरतात. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण त्याच रेषेवरून "लाखो लोक मरणार" अशा बातम्या करणं मात्र चुकीचं.

केरळात करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट नावाच्या खनिजाच्या वाळूत थोरियम हा किरणोत्सारी धातू आहे, तिथे काही घरांत जगाच्या सरासरीच्या दहापट आणि त्याहून जास्त रेडिएशन आहे. पिढ्यान् पिढ्या लोक राहतात, तिरुअनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरने वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला आणि त्यामुळे कॅन्सर वाढल्याचं आढळलं नाही. वर्षभर हळूहळू मिळणारा डोस आणि एका क्षणात मिळणारा डोस पेशीला सारखे नसतात, मधे दुरुस्तीला वेळ मिळतो.

आई-वडिलांना रेडिएशन लागलं तर पुढची मुलं व्यंग घेऊन जन्मतात का?

१९२७ मध्ये हर्मन मुलरने फळमाश्यांवर एक्स-रे सोडून दाखवलं की म्युटेशन (जीनमधले बदल) पुढच्या पिढीत जातात, १९४६ ला त्याला नोबेल मिळालं आणि जगभर ही भीती बसली. माणसात मात्र चित्र वेगळं निघालं. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांना बॉम्बनंतर झालेल्या सत्तर हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला, आनुवंशिक आजार वाढल्याचं त्यात सापडलं नाही. खुद्द वाचलेल्यांना मात्र त्रास झाला, आधी ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) वाढला, पुढे दशकानुदशकं इतर कॅन्सर वाढलेले दिसले.

बॉम्बच्या वेळी जी मुलं पोटात होती त्यांची गोष्ट निराळी. ८ ते १५ आठवड्यांच्या गर्भात मेंदूच्या पेशी तयार होऊन जागेवर जात असतात, त्या काळात मोठा डोस लागलेल्या काही मुलांची डोकी लहान राहिली, बुद्धीची वाढ खुंटली. हे आनुवंशिक नाही, थेट त्या बाळाच्याच पेशींचं नुकसान आहे. लोक दोन्ही एकत्र करतात.

गरोदर आहे हे कळायच्या आधी छातीचा एक्स-रे काढला, आता गर्भपात करावा लागेल का?

नाही. बाळापर्यंत पोचलेला डोस ०.०१ मिलिग्रेच्याही आत असतो, आणि व्यंगाची भीती साधारण १०० मिलिग्रेच्या पुढे. पोटाचा सीटी झाला असेल तर डॉक्टरांकडून डोसचा हिशोब काढून घ्या, तोही सहसा त्या मर्यादेत बसतो.

लासलगावला कांद्याला रेडिएशन देतात म्हणे, तो कांदा खायचा का?

खायचा. तिथे जे होतं ते वर लिहिलंय तेच आहे, फक्त आपल्या फायद्यासाठी. कांदा जिवंत असतो, त्याच्या मधल्या कोंबात विभाजन करणाऱ्या पेशी असतात, ६०-९० ग्रेने त्या पेशींचा डीएनए इतका तुटतो की त्या विभाजन करू शकत नाहीत आणि कोंब येत नाही. बाहेरच्या पाकळ्यांच्या पेशींना विभाजन करायचंच नसतं, त्यामुळे कांदा कांदाच राहतो. कोबाल्टच्या गॅमा किरणांनी कांदा स्वतः रेडिओअॅक्टिव्ह होत नाही, तेवढी ऊर्जा त्यांच्यात नसते. २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यालाही असंच, तिथे डोस ४०० ग्रेच्या पुढे, कोयीतल्या भुंग्याची पुढची पिढी होऊ नये म्हणून.

म्युटेशनचा चांगला उपयोगही आपल्या शेतात आहे. तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलेला टीएजी-२४ भुईमूग आणि टीएयू-१ उडीद, दोन्ही रेडिएशनने घडवलेल्या म्युटंटच्या संकरातून आले. विदर्भात कितीतरी शेतकऱ्यांनी पेरलेत, कुणाला हे माहीतही नसतं.

हळद, ताक, आयोडीनच्या गोळ्या, काही घेतलं तर रेडिएशन उतरतं का?

तुटलेला डीएनए कशानेही "उतरत" नाही, पेशी जोडते तेवढाच. आयोडीनची गोळी फक्त थायरॉइडला रेडिओअॅक्टिव्ह आयोडीनपासून वाचवते, तीही वेळेत घेतली तर. एक्स-रे किंवा सीटीआधी घेऊन शून्य उपयोग.

रेडिएशनला अजिबात न घाबरणारा जीव आहे का?

डायनोकॉकस रेडिओड्युरन्स, १९५६ मध्ये अमेरिकेत रेडिएशन देऊनही नासलेल्या मांसाच्या डब्यात सापडलेला जिवाणू. ५००० ग्रेनेही मरत नाही. त्याचाही डीएनए शेकडो तुकड्यांत तुटतो, पण दुरुस्ती करणारी प्रोटीन तो शाबूत ठेवतो आणि काही तासांत सगळे तुकडे बरोबर लावून मोकळा होतो.

मुलाचा एक्स-रे काढताना मला आत थांबायला सांगितलं, थांबू का?

थांबा. लेड अॅप्रन मागून घ्या, बांधायला लाजू नका, मुलाला बाजूने धरा म्हणजे तुमचा हात थेट बीममध्ये येणार नाही. दिवस गेले असतील किंवा शंका असेल तर टेक्निशियनला तिथेच सांगा आणि बाळाच्या बाबांना किंवा काकूला आत पाठवा. तिथे रोज काम करणाऱ्यांसाठी वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, त्यांच्या छातीवर तो डोस मोजणारा टीएलडी बॅज त्यासाठीच असतो, आणि तेच दिवसातून दहा मुलांना धरायला लागले तर त्यांचं काय होईल, म्हणून घरच्यांना सांगतात. तुमचा एकदाचा डोस नगण्य असतो.